मारोतीभाऊंनी सोडलेली घार

नाव: कांताबाई तुळशीराम गजभिये. वय: ६१ वर्षे. धंदा: रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम, आता निवृत्त. राहणार: तलावामागची गल्ली, तेलीबांधा, रायपूर. तारीख २ एप्रिल, वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मले हिंदी येते, पण रागात मराठीच तोंडात येते. लिहून घेणारे हवालदार गोंदियाकडले आहेत, म्हणून जबाब मराठीत देऊन राहिली आहे. आल्याबरोबर मी त्यांले सांगितलं की लवकर लिहा. सहानंतर उजेड जाते आणि त्याच्या आत मले माही घार शोधाची आहे.

मी पंधरा वर्षांपासून जखमी पाखरं सांभाळते. जंगल खात्याच्या डॉक्टर इरावती मॅडम टाके घालतात, मी पट्टी आणि खाणंपिणं पाहते. त्याचा कागद आहे, तो दाखवला. पाखरू बरं झालं की मॅडम तारीख लिहून देतात. त्या तारखेले ते जिथं सापडलं तिथंच सोडावं लागते. माह्या छतावर जाळीचा मोठा पिंजरा आहे. कडक नियम एकच, पाखराशी बोलाचं नाही. तोंडाले दुपट्टा बांधाचा, खाणं परद्यामागून सरकवाचं. माणसाची सवय लागलेली घार बाहेर जगत नाही. कोणाच्याही हातापाशी उतरते आणि लोकांचे दगड खाते.

सदर घार १५ जानेवारीले तलावाच्या काठी सापडली. संक्रांतीच्या मांजानं डावा पंख हाडापर्यंत चिरला होता. त्या पंखातली दोन मोठी पिसं गेली, ती अजून आली नाहीत. तिथं फट दिसते.

आज सकाळी ६.३० वाजता मी कोंबडीचे तुकडे आणाले गेली. माह्या घराची एक चावी शेजारी मारोती डोंगरे, वय ६८, यांच्याकडे राहते. एकोणीस वर्षांचा शेजार आहे. त्यांच्या पत्नी विनोदिनीवहिनी नऊ दिवसांपासून तापानं दवाखान्यात आहेत. मी ७ वाजता परत आली तं पिंजरा सताड उघडा, आत झेंडूची फुलं, आणि मारोतीभाऊ आरतीची थाळी धरून डोळे मिटून उभे. त्यांले कोणी तरी सांगितलं होतं की आजारी माणसाच्या नावानं बंद पाखरू मोकळं केलं की आजार उतरते. बाजारात पोपट भेटला नाही, म्हणून यांनी माही घार सोडली.

मी म्हटलं, "मारोतीभाऊ, हे काय करून ठेवलं?" ते म्हणाले, "कांताबाई, तुम्ही तं आज ना उद्या सोडणारच होत्या. मी फक्त आमच्या हिच्या नावानं सोडली." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! अडीच महिने घाण मी काढली अन् पुण्य यांचं! मी थाळी उडवली. कुंकू त्यांच्या चष्म्यावर गेलं. मग मी त्यांले थापड मारली. हव, मारली. एकच. त्यांचा मुलगा पराग, बँकेत आहे, त्यानं ११२ ले फोन लावला. माह्या हातचं जेवून मोठा झालेला पोट्टा! पण बापाले मारल्यावर तो काय करीन, त्याचंही खरंच आहे.

साडेसातपासून दुपारी पोलीस येईपर्यंत मी गल्ली, नाली, गाड्यांखाली, सगळीकडे पाहिलं. घार जमिनीवर असली तं कुत्रे सोडत नाहीत. माह्या पिशवीत हातमोजा, टॉवेल आणि पावभर मांस आहे, त्याचा वास येत असल्यास माफी असावी. माही घार आवाज ओळखते, म्हणून मी हाका मारत फिरली.

हवालदारांनी विचारलं की पाखराशी बोलाचंच नाही, तं ते आवाज काहून ओळखते? मी पाणी मागितलं. पाणी दिलं.

४ वाजून ४० मिनिटांनी पराग ठाण्यात आला. मले म्हणाला, "चाची, पापा सुबह से तालाब पर खड़े हैं। कुछ खाया नहीं।" वहिनीचं विचारलं तं म्हणाला, "बुखार वैसा ही है।" मग त्यानं बापानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. तलावावर घार फिरून राहिली होती. डाव्या पंखात दोन पिसांची फट होती. तिनं पाण्यावरून मेलेली मासोळी पंजात उचलली आणि उडता उडता खाल्ली. काठावर एका माणसानं हात उंच करून खाण्याचा तुकडा दाखवला. ती खाली गेली, मग तुकडा न घेताच वळली. मारोतीभाऊंचा आवाज येते, "वर जाय वो माय, वर जाय." मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

आता विचारल्यावरून खरं सांगते. सोडण्याची तारीख २० मार्च होती. मी मॅडमले फोनवर म्हटलं की पंजाची पकड कच्ची आहे. ते खोटं होतं. २२ तारखेले तिनं त्याच पंजानं माहा कातड्याचा हातमोजा फाडला, तो पिशवीत आहे. फेब्रुवारीपासून मी सकाळचा चहा तिच्यापाशी बसून पीत होती. दुपट्टा बांधत नव्हती. माहे मालक मागच्या पावसाळ्यात वारले. ज्या गोष्टी त्यांले सांगाच्या राहिल्या, त्या तिले सांगितल्या. ती मान वाकडी करून ऐकत होती. आज ती माणसाजवळ उतरली असती अन् कोणी मारली असती, तं तो गुन्हा मारोतीभाऊंचा नसता, माहा असता. दिवसभर मले याचंच भेव होतं.

मारोतीभाऊंवर माही तक्रार नाही. थापडेची जी कारवाई असेल ती करा, मी चुकली. आता उजेड आहे तोवर मले तलावावर जाऊ द्या. त्यांले दोन घास खाऊ घालाचे आहेत. मी घारीले हाक मारणार नाही. तोंडाले दुपट्टा बांधून उभी राहीन.

वरील जबाब मले मराठीत वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी 'माही घार' असं लिहिलं गेलं आहे, तिथलं 'माही' मी खोडायले लावलं आणि प्रत्येक खोडीवर सही केली. बाकी सारं मी सांगितल्यासारखं बरोबर आहे.

सही: कांताबाई तुळशीराम गजभिये
वेळ: ५ वाजून २० मिनिटं