पाथरीच्या रानातलं गाजर गवत

लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे मुग्धा नंबराची वाट बघत होती. तिच्या बाकड्यावर जळकोटकडचं एक वयस्कर जोडपं आतून तपासून येऊन बसलं. बाईंचा चेहरा सुजून काळवंडला होता.

"डाक्टर लई भरभर बोलले. काय म्हनले वो?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"गाजर गवत बाधलंय म्हनले. त्याची फुलं वाऱ्यानं उडून तोंडावर बसत्यात."

"मग मलम दिलंय की."

"मलमानं नुसती आग कमी हुईल. रानात पाय ठिवायचा न्हाई म्हनले."

"किती दिस?"

"बघू की पुढं."

"आवं, किती दिस म्हनले?"

"कायमचं."

"चाळीस वर्सं खुरपलं मी त्या रानात. हराळी उपटली, लव्हाळा उपटला, कदी एक फोड आला न्हाई हाताला. पाथरीची पानं तर तिथंच धुवून भाकरीसंगं खायची."

"ते आपलं तन व्हतं. आता पाथरी कुठं ऱ्हायली? बांधावर बगावं तिकडं हेच पांढरं."

"तुमी औषध मारलं व्हतं की."

"मारलं. शेजारच्या पडीक रानातून पुन्हा आलं."

"मी घरीच बसते मग. तुमी सांजच्याला याल तवर भाकरी करून ठिवते."

"कपड्यावरून बी येतंय म्हनले ते."

"तुमच्या कपड्यावरून?"

"हाव."

"सकाळी सोयाबीनला चक्कर मारून तसंच आलाव न्हवं तुमी?"

म्हातारा हळूच उठला, आणि समोरच्या बाकड्याच्या पार टोकाला जाऊन बसला.

"आवं, तिकडं का बसलाव? इकडं या की."

"बसू दे हितंच."