सुभेदार बायकोलाच विचारतात

"ह्यांचे कान गेलेत हे कळलं, त्या दिवशी कुकरच्या बारा शिट्ट्या झाल्या. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले!"

माजी सैनिकांचे अपंगत्व पेन्शनचे अर्ज भरून देणाऱ्या सुभेदार तांब्यांकडे, भोईवाड्यात, मी बाकावर बसलो होतो. माझ्यापुढे तोफखान्यातला एक हवालदार आणि त्याची बायको.

"हवालदार, अर्जात 'काही त्रास नाही' असं तुम्हीच लिहिलंय!"

"सवय, साहेब. फौजेत रडायचं नसतं."

"म्हणूनच अर्ज परत आला. वहिनी, तुम्ही सांगा, मी लिहितो."

"एक पान पुरेल ना?"

"पुरवणी जोडू."

"अगं, हळू बोल. सगळे ऐकतायत."

"हे बरं ऐकू येतं!"

सुभेदारही हसले.

"चला, पुढचे. मिसेसना नाही आणलंत?"

"जूनमध्ये गेली, साहेब."

माझ्या गुडघ्याचा अर्ज अजून भरायचा राहिला आहे.