धार लागेल अशी पटाशी

नको दादा, ही नको. चांगली असेल, नाही म्हणत नाही मी — टोकाला ती कठीण धातूची टिकली बसवलेली, झिजली की फिरवायची, धार म्हणून लावावीच लागत नाही — समजलं मला, पण तेच तर नकोय. मला धार लावावी लागेल अशीच हवी. जुन्या पद्धतीची, वाडगे कातायची गोल पटाशी, आणि खरवडून गुळगुळीत करायचा एक रुंद स्क्रेपर. पातं जितकं लांब तितकं बरं. तुमच्याकडे येणारी माणसं धार टिकावी म्हणून येत असतील, मी उलट्या कामाला आलेय, काय करणार.

माझ्यासाठी कुठली, ह्यांच्यासाठी. ते काय, बाहेर बाकावर बसलेत, शेजारच्या वहिनींबरोबर, निळा स्वेटर. कातारी आहेत. जन्मभर लाकूडच कातलं, वाडगे, खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे — ओळखता? तुमच्या वडिलांच्या वेळेपासून? मग बरंच झालं. म्हणजे बरं कसलं. नमस्कार केलात तर हसतील छान, पण ओळखतील असं नाही, वाईट वाटून घेऊ नका. मलाही सकाळी उठल्यावर ‘बाई’ म्हणतात, अहोजाहो करतात. जन्मभर मी त्यांना अहोजाहो केलं, आता ते फेडतायत — असं मीच म्हणते आणि मीच हसते.

लेथ बंद आहे. म्हणजे मीच पट्टा काढून ठेवलाय, एकदा ठोकळा सुटून भिंतीवर आदळला, अगदी त्यांच्या कानाला चाटून, तेव्हापासून. उद्या नवा पट्टा आणू म्हणते, त्यांना पटतं. पण धार लावणं सुटलं नाही. सहाणेच्या चाकापाशी उभे राहिले की पहिल्यासारखे होतात, दादा, अगदी पहिल्यासारखे. कोपर पोटाशी धरलेलं, पटाशी अशी गोल फिरवत आणतात, ठिणगी कडेवरून वर उडायला लागली की थांबतात. पोलाद निळं पडू देत नाहीत, पाणी उतरलं की पोलाद मऊ पडतं, धार टिकत नाही म्हणून. माझं नाव आठवत नाही आणि हे आठवतं — राग नाही हो, सांगतेय नुसतं.

आधी मला वाटलं, विसरतात ना, मग त्याच पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावतील, राहतील रमून. तसं नाही होत. ते नखावर टेकवून बघतात. धार असली की पटाशी नखाला धरते, घसरत नाही. आपण धार लावली हे डोक्यात नसतं, पण नखाला कळतं. मग ठेवून देतात. सगळ्या ठेवून झाल्या की घरभर फेऱ्या, दाराची कडी वाजवणं, ‘बाई, मला घरी सोडा, घरचे वाट बघत असतील.’ आणि उभे असतात घरातच. काय सांगायचं अशा माणसाला? मी फोटो दाखवले, रागावले, रडलेसुद्धा पुढ्यात. तर म्हणाले, ‘तुम्ही रडू नका, मी जातो माझा माझा.’

म्हणून मग — हे लेकीला ठाऊक नाही, तुम्हालाही सांगायचं नव्हतं — दुपारी ते झोपले की मी पटाश्या घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि दगडावर घासून बोथट करते. हो, मीच. सुरुवातीला हात धजत नव्हता. त्यांच्या हत्याराला कधी साधा ओला हात लावला नव्हता मी. पण उठतात, नखावर टेकवतात, घसरली की चेहरा असा खुलतो — ‘कुणी वाट लावली हिची’ म्हणतात आणि लागतात कामाला. मी खाली मान घालून भाजी चिरत असते. संध्याकाळ निभावते तेवढ्यावर.

आता संपत आल्यात. मी दगडावर घासायच्या, त्यांनी चाकावर, पोलाद ते पुरणार किती? पार मुठीशी आल्यात. पातं आखूड झालं की हात चाकाजवळ जातो ना, परवा बोट सोलवटलं. त्यांना त्याचंही काही नाही, रक्ताकडे बघत राहिले, दुसऱ्याचं असल्यासारखं. लेक म्हणते, चाक विकून टाक आई, हात जाईल एखाद दिवशी. खोटं नाही म्हणत ती. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि मी मान डोलावून आले. आणि डोलावून इथे उभी आहे, लांब पात्याची द्या म्हणत. चाक ठेवलं तर हात जाईल, काढलं तर माणूसच — तुम्हीच सांगा. नका सांगू. तुम्ही तरी काय सांगणार.

त्यातल्या त्यात लवकर झिजणार नाही अशी — थांबा, आले. आत आले ते. मघाचं काही काढू नका.

या ना, इकडे या. हे दुकानदार विचारतायत, कुठली चांगली ते. — हो दादा, त्यांच्याच हातात द्या. मला काही कळत नाही त्यातलं.