एक स्टार

फोटो नका काढू. — नाही, रागावलो नाही, पण फोन आधी खिशात ठेवा, मग बोलू. सगळे हेच करतात, सर. खाली येतात, ग्राफिक्स कार्ड हातात घेतात, उलटंपालटं करतात, माझ्याकडून सगळी माहिती काढून घेतात, मग 'घरी विचारून सांगतो' म्हणत जिना चढतात आणि वर माझ्याच बोर्डाखाली उभं राहून ऑनलाइन ऑर्डर टाकतात. माझ्याच बोर्डाखाली! मला इथून नुसते पाय दिसतात, पण पाय कळतात ना. तुम्ही तसले नाही म्हणता — तसलं कोणीच नसतं. बसा. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवा. निफाडहून आलात म्हणता, शाळेत शिकवता म्हणता. मग मला सांगा, निफाडहून शरणपूर रोडला येईपर्यंत एवढी चकचकीत काचेची दुकानं लागली, ती सोडून माझ्याच तळघरात कसे उतरलात? कोणी पाठवलं? — सहज विचारलं हो. विचारायला काय जातंय.

मुलीसाठी पाहिजे. आरोही. बरं. काय करते आरोही? — आर्किटेक्चर. म्हणजे ती घरं काढते, मग ते घर स्क्रीनवर गोल फिरवून दाखवते, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येईल वगैरे. लागणार, कार्ड लागणारच, त्याशिवाय मशीन जागेवरून हलणार नाही. नक्की त्याच्यासाठीच ना पण? गेमबिम? तुम्ही बघितलंय तिला घर काढताना? — बघितलंय. शेजारी बसून बघता? रोज? — नाही, कौतुक वाटलं म्हणून म्हटलं.

ऐका आता. हे मी सगळ्यांना सांगत नाही. कमी पैशात घ्यायचं तर आठ जीबीच्या खाली यायचं नाही. चार जीबीचं कोणी गळ्यात मारायला लागलं, की 'येतो' म्हणायचं आणि उठायचं. खोक्यावरच्या चित्राला भुलायचं नाही — आग ओकणारा ड्रॅगन असतो, आत निघतो सरडा. आणि कार्डाच्या आधी पॉवर सप्लाय बघायचा. मशीनमध्ये साधा लोकल सप्लाय असेल, तर कितीही चांगलं कार्ड लावा, एक दिवस वास येणार आणि मग मुलगी रडत फोन करणार. तीन पंख्यांचं घ्यायचं नाही, तुमच्या कॅबिनेटला बसणार नाही. दोन पंखे पुष्कळ झाले. जुनं तर हातच लावायचं नाही. ते बिटकॉइनसारखी ऑनलाइन नाणी काढायला रात्रंदिवस जाळलेलं कार्ड असतं, धुऊन पुसून नवीन म्हणून विकतात. कसं ओळखायचं? स्क्रू बघायचे. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा दिसला की कोणीतरी उघडलंय. नाकाला लावून बघायचं, तेलकट वास येतो. आणि तीन ठिकाणचा सीरियल नंबर एक पाहिजे — खोक्यावर, कार्डावर आणि बिलावर. बिल पक्कं. 'सेलर वॉरंटी' लिहिलेलं दिसलं तर समजायचं, वॉरंटी नाहीच. सेलर उद्या नंबर बदलेल, मग कुठं शोधता?

आता कुठून घ्यायचं. काढा, काढा फोन बाहेर. तुमच्या मनात एक दुकान ठरलेलं आहे, मला कळतंय, मघापासून तुमचा अंगठा खिशात चाललाय. दाखवा, कुठली साइट आहे. —

हं.

पिक्सेलकट्टा.

कोणी सांगितलं तुम्हाला हे नाव? — आरोहीनंच? कॉलेजातली सगळी पोरं तिथूनच घेतात? सगळी? — नाही, मला काय, मला कशाला माहिती असेल. असल्या साइटी पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवतात. आता हीच बघा — नुसता अंबडचा एक गाळा आहे, शटर अर्धं गंजलेलं, शेजारी स्प्रिंगांचा कारखाना, दिवसभर ठण ठण, त्या आवाजात फोनवर गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू तरी येत असेल का? बोर्ड नाही, काही नाही. दोन टेबलं, एक पंखा, तोही माझ्या — एक जुना पंखा. आणि माल भरायला माणूस ठेवला नाही, सगळं स्वतः. एकटी पोरगी! कुरिअरवाला उशिरा आला तर अंधार पडेपर्यंत तिथं बसायचं, एमआयडीसीत, गाळ्यात, एकटीनं. ह्याला धंदा म्हणतात का?

— पोरगी आहे हे मला कसं माहिती? साइटवर लिहिलं असेल की. — नाही लिहिलं? बघा नीट, कुठंतरी असेल.

सर, तुम्ही मास्तर लोक ना, प्रश्न फार विचारता.

हो. माझी मुलगी आहे. वेदिका. झालं समाधान? तिनंच पाठवलं ना तुम्हाला? खरं सांगा. 'जा, बघून या बाबा काय करतायत, दुकानात गर्दी आहे का नाही' — नाही? आरोहीची शपथ? बरं, शपथ नका घेऊ. मुलीची कशाला घ्यायची.

याच स्टुलावर बसायची ती. दहावीच्या सुट्टीत रॅम लावायला शिकली, बारावीत अख्खं मशीन जोडायला लागली. हात असा हलका की काय सांगू, प्रोसेसर बसवताना माझा श्वास अडकायचा, ती गाणं गुणगुणायची. मग एक दिवस म्हणाली, बाबा, आपण साइट काढू. मी म्हटलं, अगं, गिऱ्हाईकानं वस्तू हातात घ्यायला नको? आपण त्याचा चेहरा बघायला नको? कोण घेतंय, कशाला घेतंय, चेक वटेल का नाही? ती म्हणाली, बाबा, तुम्ही गिऱ्हाईक आलं की चोर आल्यासारखं बघता. — बोलली असं. गिऱ्हाइकासमोर बोलली. तो निघूनच गेला. मग मीही बोललो. मी बोललो की जरा जास्तच बोलतो, आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात नाही आली, आणि मग घरीपण नाही. अंबडलाच खोली घेतली. तिची आई रविवारी 'भजनाला जाते' म्हणून निघते — भजनाला कोणी थालीपिठांचा डबा नेतं का हो? मी विचारत नाही. मला वाटतं, ती सांगेल. ती वाट बघते मी विचारीन. असं चाललंय.

पण ते राहू द्या, तुमचं कार्ड. मी काय म्हणतो, मुलगी असली म्हणून मी खोटं थोडंच सांगणार? धंद्यात नातं नाही. साइटचा भरवसा कसा बघायचा, ते सांगतो. लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं. पाच स्टारवाले वाचायचेच नाहीत, ते मावशी-मामा असतात. सरळ खाली जायचं आणि एक स्टारवाले वाचायचे. खरं तिथं असतं. जा खाली. अजून खाली. — हं, वाचा. 'पॅकिंग एकदम ढिलं, खोक्याचा कोपरा चेपलेला.' बघा! अजून? 'फोन केला तर मॅडम नीट बोलत नाहीत.' बघा, बघा. आणि ते तिसरं — 'पंख्याचा आवाज येतो, पिठाच्या गिरणीसारखा.' एवढं वाचल्यावर कोण घेईल, सांगा? मी असतो तर नसतं घेतलं.

— काय म्हणालात? त्याच्यामुळेच घ्यावंसं वाटतंय?

ते कसं काय? — हं. साइट तिची स्वतःची आहे, काढून टाकता आलं असतं, तरी ठेवलंय, म्हणून. — हुशार आहात. नाही, मला हे सुचलं नव्हतं. खरंच, का ठेवलं असेल हो? मी तर कधीच पुसून टाकलं असतं. माझ्याबद्दल कोणी असं लिहिलं असतं तर मी आधी त्याचा पत्ता शोधला असता.

— तिघांचं नाव एकच? भिका? असतील तीन भिका. नाशकात काय एकच भिका आहे का? — तुम्ही परत मास्तरकी करायला लागलात. वर जिन्याशी चहाची गाडी बघितलीत ना, तो भिका. त्याच्या नावावर आणि त्याच्या मोबाइलवरून ऑर्डर जाते, पार्सल गाडीवर येतं, तो खाली आणून देतो. यात काय चुकलं? आमच्या धंद्यात सगळे करतात. समोरच्याकडून एक नग मागवायचा, बघायचं तो काय देतो, कसं देतो. त्याला माल तपासणं म्हणतात. आणि तपासला तर लिहायला नको? मी लिहितो. म्हणजे भिकाच्या फोनवर मी लिहितो, त्याला कुठं एवढं लिहिता येतं.

असं बघू नका. मला काय तिचं वाईट करायचंय? मला वाटलं, दोन-चार तक्रारी आल्या, गिऱ्हाईक कमी झालं, की तिचं तिलाच कळेल. म्हणेल, बाबा म्हणत होते ते बरोबर होतं. आणि येईल. एवढंच. तळघरात दोघांना जागा आहे अजून. ते तिकडचं कपाट मी रिकामं करून ठेवलंय.

— खाली तिनं उत्तर दिलंय? कुठं? त्या पंख्याच्या खाली? मी नाही बघितलं. मी लिहितो आणि फोन भिकाला देऊन टाकतो, परत वाचत नाही. वाचवत नाही. — नको, मला चष्मा सापडणार नाही, तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा, वर्गात वाचता तसं.

'भिकाभाऊ, पार्सल मी स्वतः भरलं होतं, तरी चूक माझीच धरते. पैसे परत पाठवलेत. कार्ड परत पाठवायची गरज नाही. तुम्ही आवाज येतो म्हणता म्हणजे येतच असणार, म्हणून त्या खेपेची उरलेली सगळी कार्डं मी विक्रीतून काढून कंपनीकडे परत पाठवली आहेत. दुसऱ्या कोणाला त्रास नको.'

सगळी?

परत वाचा शेवटचं. — सगळी कार्डं. अहो, ती अख्खी खेप म्हणजे तिचं — कंपनी परत घेत नाही हो एवढ्या सहजी, म्हणते दाखवा आवाज, कुठं आहे आवाज? ती काय दाखवणार? आणि हे तिनंच लिहिलंय कशावरून? दुसऱ्या कोणी लिहिलं असेल, कोणी माणूस ठेवला असेल — नाही. नाही, तिनंच. हे मीच शिकवलंय तिला, याच काउंटरवर. गिऱ्हाईक आवाज येतो म्हणालं की येतो. त्याच्याशी वाद नाही घालायचा, माल मागे घ्यायचा. मी शिकवलं आणि मी कधी केलं नाही, मी आधी गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्ही पाडलं का? तिनं एका शब्दानं विचारलं नाही. भिकाला कोण ओळखतं तिथं? तरी खरं धरलं.

आवाज नव्हता हो. — मला काय माहिती? नाही माहिती, मी लावून बघितलंच नाही. मी उघडलंच नाही एकही. ते बघा, त्याच रिकाम्या कपाटात, वरच्या फळीवर. तिन्ही पार्सलं तशीच आहेत. अहो, कोपरा न् कोपरा बघा, कुठं चेपलंय? चिकटपट्टी बघा कशी लावलीय, दोन्ही टोकं आत दुमडून, म्हणजे उघडणाऱ्याला सोडवायला सोपं जावं. अशी पट्टी कोण लावतं आजकाल? मी एकदा ब्लेड घेतलं हातात. पण ते तिनं बंद केलेलं, मी कसं —

तुम्ही तिच्याकडूनच घ्या, सर. आठ जीबीचंच घ्या. दुसऱ्या कंपनीचं असेल तिच्याकडं, ते घ्या, डोळे झाकून घ्या. आणि नीट चाललं की लिहा तिथं. पाच लिहा. तुमच्या नावानं लिहा, मास्तरांचं लोक मानतात.

— काय? हे? नाही, नाही, हात नका लावू. तेच मॉडेल आहे मला दिसतंय, पाहिजे तेच आहे, कमी किमतीत द्या म्हणताय, कळलं मला. ठेवा खाली ते. ते विकायचं नाहीये.

या तुम्ही आता. जिन्यात डोकं सांभाळा.