वासुअण्णांची दाढ

दवाखान्याला घाबरणाऱ्या माणसाला तिथं न्यायचं तर आधी सांगावं की सांगू नये, हाच प्रश्न तुमच्या भावासाठी घेऊन, लिहून घ्यायला वही उघडून तुम्ही आलात ना? मग क्रमानं सांगते. भरकटले तर टोका. शिक्षिकेची खोड आहे, उदाहरणाशिवाय मला पुढं जाता येत नाही.

आमचं घराणं बेंगळुरूचंच, किती पिढ्यांपूर्वी आलं ते वडिलांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, मला तर भाजीवाल्याशी मराठीत भांडताच येत नाही. चौथीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाले आणि जे. पी. नगरातल्या या निवासात कामाला आले. इथं बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं राहतात, काही माझ्याच वयाची, तरी सगळी मला अक्काच म्हणतात. त्यांतले वासुअण्णा, काय सांगू तुम्हाला, देहानं पहिलवान, बोलणं दोन-चार शब्दांचं, आणि मनात नसलं की असतील तिथं बसकण मारायची, मग कुणी ओढलं तरी हलायचे नाहीत, वर ओढणाऱ्याचेच केस धरायचे.

त्यांची दाढ किडली, गाल सुजला, जेवण सुटलं, ठणका लागला की स्वतःच्याच गालावर ठोसे मारायचे. निवासात येणारे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढायलाच हवी, आणि हे खुर्चीत बसले नाहीत तर भरती करून पूर्ण भूल द्यावी लागेल. यांना झटके येतात, म्हणून मला ते नको आहे, असंही डॉक्टरच म्हणाले. मलाही नकोच होतं.

आता इथली रीत ऐका. दवाखान्याचं नाव काढायचं नाही, इथल्या लालबागेत, बगिच्यात फिरायला जाऊ म्हणायचं. मात्र डॉक्टरांसमोर माणूस नीटनेटका दिसावा म्हणून इस्त्रीचा शर्ट घालायचा, तेल लावून भांग पाडायचा. इस्त्री करून लालबागेत कोण जातं हो? वासुअण्णांना तो शर्ट दिसला की न्हाणीघरात शिरून आतून कडी. व्यवस्थापक नागराज मला विचारतात, अक्का, यांना कळतं कसं? म्हटलं, तुम्ही दवंडी पिटता की. आणि नुकसान दुहेरी, खऱ्या लालबागेलाही ते येईनात.

मग मी ठरवलं, धडा तुकड्यातुकड्यांनी घ्यायचा. दातांच्या डॉक्टरीणबाई नागपूरच्या, तरुण. त्यांना म्हटलं, आम्ही नुसते येऊन बसलो तर चालेल का? त्या म्हणाल्या, या की, दुपारी माझा बाक रिकामाच असतो. अण्णांना स्पष्ट सांगितलं, दातांचे डॉक्टर, आज फक्त दार बघायचं. घरच्याच चुरगळलेल्या शर्टात गेलो, दार पाहिलं, परत आलो. पुढच्या खेपेला बाक, त्यापुढच्या खेपेला खुर्ची, तीही लांबून.

दाढ काढायच्या दिवशीही खरंच सांगितलं, आज सुई टोचणार, स्वल्प दुखणार. नागराजनी कपाळाला हात लावला. दवाखान्यापर्यंत आले हो, आणि खोलीच्या दारातच बसकण मारली. आज परत गेलो तर पुढं भरतीच. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बाईंकडे बोट केलं, मग खुर्चीकडे, आणि म्हणाले, नीनु. म्हणजे तू. बाई खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. अण्णा उठले, ट्रेमधली बॅटरी उचलली, एकेक दात निरखून पाहिला. शेवटी म्हणाले, सरी. म्हणजे ठीक आहे. दारातून नागराज म्हणाले, बाई, पास झालात. मग अण्णांनी बाईंना दंडाला धरून उठवलं आणि स्वतः बसले.

दाढ निघाली, पूर्ण भूल न देता, हिरडीत सुई टोचूनच. माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती, पण केस शाबूत. जखम भरल्यावर अण्णा दुसऱ्यांदा सांबार मागू लागले, अजून मागतात.

तर माझं उत्तर, सांगावं. पण निवासातल्याच आमच्या सुशीलाला आदल्या दिवशी सांगितलं तर ती झोपत नाही, तिला मी सकाळीच सांगते; म्हणजे नियम एक असला तरी वेळ माणसागणिक वेगळी. देव तुमच्या भावाला बरं ठेवो. हे छापणार असाल तर वाचणाऱ्यांना एवढंच सांगा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आपल्या माणसाला एकदा खरं सांगून, काम नसताना, दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन आणा, आणि हे बरोबर आहे की नाही ते स्वतः तपासा.