कड्यावरची वाट आणि माझं तोंड

...नाही, मला सांगा, ज्या माणसाला रोज जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा फोटो बघावा लागतो, तोही आमच्याच लग्नाचा, काय नवीन दिसणार आहे त्यात? त्या माणसानं दिवसभर कड्यावरून चालायला निघावं? तुम्हाला सांगते, मार्चमध्ये आमच्या इदवालच्या हृदयात जाळी बसवली. आणि मे उजाडतो न उजाडतो तोच, रविवारची प्रार्थना संपून सगळे चॅपेलच्या मागच्या खोलीत चहाला जमले होते, तर हा कप उंच धरून म्हणतो, "येत्या शनिवारी आयवर येतोय कार्डिफहून. आम्ही दोघं भाऊ कड्यावरून चालत जाणार, पार दीपगृहापर्यंत. लहानपणी जायचो तसे!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आता ही फुटणार! आणि मी? मी गप्प!

का म्हणून विचारा! ती हॉस्पिटलातली नर्स. कालची पोर, मला म्हणते कशी, "एलुनेडबाई, त्यांच्यावर ओरडायचं नाही हं. कशाला नाही म्हणायचं नाही. ताण येतो त्यांना." अगं बये, लग्न झाल्यापासून मी ओरडतेय, तेव्हा नाही आला तो ताण? पण भीती वाटली हो. माझ्याच तोंडानं मेला बिला तर?

मग काय, सुरू झाली तयारी. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा, लोण्याच्या भांड्यावर तसाच पसरलेला. "इथं डबा खायचा, इथं फोटो काढायचा." हे दुसरं 'इथं' कुठं, माहीत आहे? जिथं हिवाळ्यात अर्धी वाट समुद्रात गेली, तिथं! वर होकायंत्र विकत आणलं. जन्म इथला, बाप इथला, आणि होकायंत्र! अरे बाबा, एका हाताला समुद्र, एका हाताला मेंढ्या, चुकणार कुठं? सगळं जिभेवर आलं होतं... आणि मी गप्प! रात्री तो घोरायचा थांबला की मी उठून बसायची, पुन्हा घोरेपर्यंत.

गुरुवारी मात्र डोकं चाललं. कड्याच्या वाटेला लागून घरं आहेत ना! आमच्याकडे दारातून कुणी चहाला हाक मारली आणि माणूस तसाच पुढं गेला, तर पुढं वर्षभर बोलणं बंद. म्हटलं, प्रत्येक दारात ह्याला अडवायचा. चहा, केक, गप्पा, पुन्हा चहा... तिसऱ्या घरापाशीच संध्याकाळ होते की नाही बघते! पण हे फोनवर सांगायची सोय नाही, दुपारपर्यंत गावभर होतं. म्हणून इदवालला थाप मारली, बहिणीकडे जाते, आणि निघाले. चालत. त्याच वाटेनं!

पहिलं घर म्हाताऱ्या हॉपकिनचं. तो म्हणतो, "अगं, एवढा खटाटोप कशाला? तूच सांग ना त्याला, जाऊ नको म्हणून."

"मला बोलायला बंदी आहे."

"तुला? कुणी घातली? त्याचा पुतळा उभारू आपण!"

मेल्याचा चहा प्यावाच लागला. पुढच्या घरीही प्यावा लागला. पोटात चहा डचमळतोय, आणि आली ती ढासळलेली जागा. वारा असा, की स्कर्टचं झालं शीड. डाव्या हाताला काटेरी झुडपं, उजव्या हाताला... काहीच नाही हो! खाली नुसतं पाणी, पांढरं, आपटतंय. मी सरळ खाली बसले आणि रांगत निघाले. ह्या वयात! मध्यावर आले आणि मनात आलं, तो इथं येईल. इथं त्याला धाप लागेल. आणि इथं थांबून बघायला भिंतही नाही, फोटोही नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला पुढं सरकता येईना, मागं जाता येईना. बराच वेळ तशीच, गवत धरून. एक मेंढी उभी राहून बघत होती, तिच्यापुढंसुद्धा मी गप्प!

शेवटी दीपगृहाजवळचं ग्वेंडाचं घर गाठलं. विधवा बाई, मोठ्या मनाची. माझं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, इदवाल येऊन गेला की मंगळवारी! गाडी घेऊन. रडायचा बाकी होता."

"का?"

"म्हणाला, आयवरनं फोनवर चिडवलं, म्हातारा झालास का रे? तर ह्याच्या तोंडून निघून गेलं, चल, कड्यावरून जाऊ. मग चॅपेलमध्ये मुद्दाम तुझ्या देखत बोलला. त्याला वाटलं, आता एलुनेड कडाडेल, खबरदार म्हणेल, आपण सुटलो! तर तू गप्प. नकाशा पसरला तरी गप्प, होकायंत्र आणलं तरी गप्प. म्हणाला, ग्वेंडा, डॉक्टरांनी तिला काहीतरी सांगितलंय. माझे दिवस भरलेत. म्हणून ती माझे हट्ट पुरवतेय."

घ्या!

मिळेल ती बस धरून घरी आले. हा खुर्चीत, पांढराफटक, नव्या बुटांच्या नाड्या ओवतोय. म्हटलं खड्ड्यात गेली ती नर्स. "इदवाल प्रॉसर! त्या कड्याकडे नुसतं बघितलंस ना, तर तंगडं मोडून हातात देईन!"

आणि काय सांगू, त्याच्या गालावर रंग चढला हो! मार्चनंतर पहिल्यांदा. टुणकन उठला आणि फोनच गाठला. "आयवर, मी तर बूट घालून तयार होतो रे. पण तुझी वहिनी! तिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे..."

काल रविवार. चॅपेलच्या मागच्या खोलीत हा मधोमध बसलेला आणि गाव भोवती. "बिचारा इदवाल! एवढी साधी हौस, तीही पुरवेना बाई." पाद्रीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणतात, "एलुनेड, जरा मायेनं घ्यावं." रांगून रांगून माझे गुडघे सोललेत, ते दाखवू का ह्यांना? खरं काय ते सांगून टाकणार होते मी सगळ्यांना. तोंड उघडलंसुद्धा. पण बघते तर ह्यानं तिसरा केक उचललेला. तो हातातून काढून घेतला, तेव्हा अख्खं चॅपेल हळहळलं.