निरोगी माणूस पाहिजे

…आणि वर डॉक्टर म्हणतात, घाबरू नका, थोडंसंच रक्त घेतो! अहो, थोडंसं झालं तरी माझंच ना ते? डोळा हिचा, दंड माझा… हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा.

नाही, पहिल्यापासून सांगतो. आमच्या हिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. देवघरातल्या समईभोवती म्हणे इंद्रधनुष्य! मी म्हटलं, पुण्यवान आहेस, आम्हाला इथे कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत दिवसभर जकात वसूल करून कधी काही रंगीत दिसत नाही… पण मग डोकं ठणकायला लागलं, डोळा लालबुंद झाला, आणि माझी पाचावर धारण बसली. तिला घेऊन सियालदहजवळचा डोळ्यांचा दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर लाहिरी, भला माणूस. म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर हळूहळू खाऊन टाकतो. थेंब दिले. झालं, आपण घरी जावं की नाही? पण तुम्हाला सांगतो, या डॉक्टरांना एक नाद. काचबिंदूवाल्यांच्या रक्तातल्या लाल पेशी बदललेल्या असतात, असा त्यांना संशय! म्हणून हिचं रक्त घेतलं. घ्या बापडे. तर माझ्याकडे वळून, ''आप भी दीजिए मोशाय! एक ही रान्नाघर का खाना खाता हाय, बिलकुल निरोग आदमी हाय, मिलाके देखेगा!'' म्हणजे एकाच स्वयंपाकघरातला एक रोगी, एक निरोगी, आणि दोघांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघायचं. मी हिच्याकडे पाहिलं, तर ही म्हणते, ''द्या हो, तेवढंच पुण्य.'' डोळा हिचा, दंड माझा, आणि पुण्य कोणाचं ते देव जाणे!

दिलं रक्त. दुर्बिणीतून दाखवलं त्यांनी मला. पेढ्यावर अंगठा दाबावा तशा गोल गोल पेशी, मधे खळगा… खरं सांगतो, अभिमान वाटला. म्हटलं, चला, सुटलो. कुठलं सुटतोय! निरोगी म्हणून नाव लिहायचं तर डोळेही निरोगी पाहिजेत ना? आडवं पाडलं, डोळा बधिर केला, बुबुळावर दाब मोजायचं इवलंसं यंत्र ठेवलं. डॉक्टरांनी काटा पाहिला. पुन्हा ठेवलं. मग मला बसवून म्हणाले, समोर बघा, मी बाजूने बोट आणतो, दिसलं की सांगा. मी म्हटलं, आणा तर खरं!

बोट केव्हाचं तिथेच होतं.

अहो, धर्मतल्ल्याच्या गर्दीत गेली दोन वर्षं लोक मला बाजूने येऊन आपटायचे, आणि मी घरी येऊन सगळ्या कलकत्त्याला शिव्या द्यायचो, की या लोकांना रस्त्यात चालायचं कळत नाही! हिचा काचबिंदू ठणकून सांगत आला, माझा मुकाट्याने आत बसला होता. डोळाही माझा, दंडही माझा! डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती थेंबांनी राखू. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर… ही माझा हात घट्ट धरून बसली होती. तिचा डोळा दुखला नसता, तर मी आंधळा होईपर्यंत धडधाकटच राहिलो असतो. आता रोज सकाळी ती माझ्या डोळ्यांत थेंब घालते, मी तिच्या घालतो, आणि दोघंही एकमेकांना म्हणतो, ''गालावर सांडलं!'' तुम्हाला सांगतो, हे भांडणसुद्धा मला गोड लागतं. त्या सुईचे, त्या डॉक्टरांचे आणि हिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

फक्त एक अडचण झाली. निरोग्याची जागा रिकामी पडली! डॉक्टर म्हणाले, मोशाय, दुसरा मराठी आदमी लाइए, तुमच्यासारखंच जेवणारा. म्हटलं, त्यात काय, आपलं मराठी मंडळ आहे! आलो इथे, शब्द टाकला… तर श्यामरावांना त्याच क्षणी खोकला. विनायकरावांचं पित्त उसळलं. परवाच्या पंगतीत जिलब्यांची परात एकट्याने आटोपणारे श्रीकांतराव म्हणे सहा महिने पथ्यावर आहेत! शेवटी मीच जाऊन हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, आमच्या मंडळात निरोगी असा एकच माणूस होता… तो तुम्हीच बाद केलात.